उताराच्या जागेवर लोखंडी जाळीचं कुंपण कसं घालावं?

तुमचा प्लॉट कोकणात, जांभ्याच्या उतारावर आहे आणि वेल्डेड जाळीचे तयार पॅनेल लावायचे आहेत, म्हणून थेट त्याबद्दलच सांगतो.

हे पॅनेल ताठ असतात, उताराबरोबर तिरके होत नाहीत. त्यामुळे पायऱ्या पाडतच लावावे लागतात, म्हणजे प्रत्येक पॅनेल आडवं ठेवून पुढचं एक पायरी खाली. हिशेब आधी करा. अडीच मीटरचं पॅनेल आणि दहाला एक असा उतार असेल, तर प्रत्येक पॅनेलच्या खालच्या टोकाला 25 सेंमी फट राहते. तिथून कुत्रं आणि डुकराचं पिल्लू सहज आत येतं. ही फट जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधून घ्या, पण मधे पाणी जायला भोकं ठेवाच. नाहीतर पावसाळ्यात वरून येणारं पाणी तिथे तुंबून बांधकामच ढकलतं.

खांब मागवताना बहुतेक जण इथे फसतात: 1.8 मीटरच्या पॅनेलला जमिनीत 60 सेंमी आणि पायरीचे 25 सेंमी धरून खांब किमान 2.65 मीटर हवा.

खांबांमधलं अंतर उतारावर टेप टाकून मोजू नका. टेप आडवा, लेव्हलमध्ये धरा आणि टोकाला ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) सोडा. खांब ओळंब्यातच उभा राहिला पाहिजे, उताराला काटकोनात नाही.

जमीन फारच खालीवर असेल तर माझं स्पष्ट मत: पॅनेलचा हट्ट सोडा, चेनलिंक (तारेची विणलेली जाळी) घ्या. ती उताराबरोबर बरीच वळते. कापलेल्या टोकांना मात्र झिंकचा रंग लावा, खारी हवा तिथूनच गंज धरवते.