आधी परतीची वाट लिही

गावच्या सभासदांसाठी डिजिटल नाणं काढायचा तुझा आराखडा वाचला. नाण्याचं नाव, बोधचिन्ह, ॲपचे पडदे, सगळं आहे. शिरोळच्या शेतकऱ्यानं उसाचं पाचट न जाळता कुजवलं की एकरी ५०० नाणी. छान. ती घेऊन तो जाणार कुठं?

ब्लॉकचेन (अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली नोंदवही) की साधा डेटाबेस, यावर तुझं घोडं अडलंय. साठ सभासदांना डेटाबेस पुरतो. रोजच्या नोंदींची प्रत तीन सभासदांकडं ठेव, झालं. विजेची चिंताही बिटकॉइनपुरती ठीक. इथेरियम या दुसऱ्या ब्लॉकचेननं सप्टेंबर २०२२ मध्ये खाणकाम (वीजखाऊ आकडेमोड करून नोंदी पक्क्या करायची पद्धत) सोडलं आणि त्याचा वीजवापर ९९ टक्क्यांहून जास्त घटला. तुझी अडचण तिथं नाहीच. नाणं काढण्याआधी ते परत कुठं जिरणार ते लिही.

ऑस्ट्रियातल्या व्योर्गल गावाची १९३२ ची नोट तू दाखल्याला घेतलीस. तिची किंमत दरमहा १ टक्का घटायची म्हणून ती फिरली, असं सगळेच लिहितात. पण नगरपालिका तीच नोट करापोटी घेत होती, हे तू एका ओळीत उरकलंस! परतीची वाट तीच होती. पुढं १९३३ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेनं ती बंद पाडली, तेही ध्यानात ठेव.

तुझ्याकडं ही वाट पाणीपुरवठा संस्थेची पाणीपट्टी होऊ शकते. समजा एक नाणं म्हणजे एक रुपया, वर्षाची पट्टी १० लाख आणि संस्था दहावा हिस्सा नाण्यांत घेते. मग वर्षात १ लाखावर एकही नाणं काढायचं नाही. संस्थेला वीजबिल मात्र रुपयांतच भरावं लागतं, म्हणजे १ लाखाचा खड्डा पडला. तो पाचट जाळणाऱ्यांच्या पट्टीत वाढ करून भरायचा, आणि तसा ठराव आधी सर्वसाधारण सभेत. तिथं आरडाओरडा होईल. होऊ दे. हा ठराव होत नसेल तर नाणं काढूच नकोस.

सभासदांच्या आपसातल्या उधारीचं खातं वेगळं ठेव. तिथं नाणी छापायची नसतात, वहीतल्या उणे-अधिक आकड्यांनाच नाणी म्हणायचं. एकाचं येणं ते दुसऱ्याचं देणं, रात्री बेरीज शून्य. उणे बाजूला मर्यादा सगळे घालतात, अधिक बाजूला विसरतात. मग किराणा दुकानदाराकडं ढीग साचतो, कारण त्याचा घाऊक माल रुपयांत येतो, आणि तो एक दिवस नाणी घ्यायचं थांबवतो. ट्रॅक्टरवाल्याचं तेच: डिझेल रुपयांत, म्हणून त्याला निम्मंच भाडं नाण्यांत घ्यायला लाव. सभासद उणे ठेवून निघून गेला तर? प्रत्येक व्यवहारावर १ टक्का राखीव निधीत.

कायद्याचं थोडक्यात. मागणीनुसार धारकाला देय (हातात असेल त्याला मागताच पैसे द्यायचे) असा कागद काढायला रिझर्व्ह बँक कायद्याचं कलम ३१ मनाई करतं. म्हणून खाती नावानिशी ठेव. बाजारात विकता येणारं डिजिटल नाणं केलंस तर २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे. आपसातल्या खात्याबद्दल सुरू करण्याआधी वकिलाचा लेखी सल्ला घे.

मी हटवादी आहे म्हणशील. म्हण. नाणं काढणं एका दुपारचं काम आहे, आणि साचलेली नाणी घेऊन दारात उभ्या राहिलेल्या दुकानदाराला उत्तर मला नाही, तुला द्यायचंय. पुढच्या खेपेला पहिल्या पानावर तीनच रकाने आण: नाणं कोण काढतो, परत कोण घेतो, वर्षाला किती. मधला रकाना रिकामा असेल तर बाकीची पानं मी उघडणार नाही.