मुळाची हाक कोणाकोणाला ऐकू जाते?

या खेपेला आलेल्या पत्रांतून पाच प्रश्न निवडले आहेत. पिके वेगवेगळी असली, तरी सगळी गडबड मुळाच्या भोवतीच्या काही मिलिमीटर मातीत चालली आहे. या पट्ट्याला 1904 साली जर्मन शास्त्रज्ञ लॉरेन्झ हिल्टनर यांनी ‘रायझोस्फिअर’ असे नाव दिले. आपण त्याला मूळपरिसर म्हणू.

प्रश्न : वांग्याची रोपे भर दुपारी माना टाकतात. एक उपटून पाहिले, तर मुळांवर गाठीच गाठी. शेजारच्या चवळीच्या मुळांवरही गाठी आहेत, पण ती ठणठणीत आहे. चवळीच्या गाठी चांगल्या आणि वांग्याच्या वाईट, असे का?

रोप उपटून पाहिलेत, हे फार चांगले केलेत. बहुतेक जण पानांकडे बघून औषध ठरवतात. फक्त पुढच्या वेळी उपटू नका, भोवतीच्या मातीसकट खणून काढा आणि बादलीभर पाण्यात तासभर बुडवून ठेवा. माती आपोआप सुटते, बारीक मुळे शाबूत राहतात.

आता चवळीची एक गाठ बोटाने बाजूला ढकला. ती रायझोबियम जिवाणूंची असेल तर अलगद निघून येईल, कारण ती मुळाच्या कडेला चिकटून वाढते. नखाने चिरा. आत गुलाबी, लालसर रंग दिसला की कारखाना चालू आहे असे समजा. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचेच ते भावंड. हवेतला नत्र बांधणारे विकर (एन्झाइम) प्राणवायूने निकामी होते, म्हणून लेगहिमोग्लोबिन प्राणवायू धरून ठेवते आणि जिवाणूंना हवा तेवढाच मोजून पुरवते. गाठ आतून पांढरी असेल तर काम सुरू झालेले नाही. हिरवट किंवा तपकिरी असेल तर संपले.

वांग्याची गाठ अशी निघणार नाही. काढायला गेलात तर मूळच तुटेल, कारण तिथे मूळच फुगलेले आहे. हे मूळगाठ सूत्रकृमीचे, म्हणजे मातीतल्या धाग्यासारख्या बारीक कृमीचे काम. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे पिल्लू मुळाच्या टोकाजवळून आत शिरते, अन्न-पाण्याच्या नळ्यांपाशी ठाण मांडते आणि आपला स्राव पाच-सात पेशींत सोडते. त्या पेशींची केंद्रके विभागत राहतात, पेशी मात्र विभागत नाहीत. त्या फुगून राक्षसी होतात आणि सूत्रकृमीला आयुष्यभर पोसतात. पाणी वर नेणाऱ्या नळ्या त्या गर्दीत पिळवटतात, म्हणून माती ओली असूनही रोप दुपारी मान टाकते. गाठ फोडून भिंगाखाली धरलीत तर मोत्यासारखी पांढरी, नासपतीच्या आकाराची मादी दिसेल. एक मादी काहीशे अंडी घालते आणि उबदार मातीत महिन्याभरात पुढची पिढी तयार होते.

एक सावधगिरी. चवळीलाही सूत्रकृमी लागतो. एकाच मुळावर दोन्ही प्रकारच्या गाठी असू शकतात, तेव्हा ढकलून पाहायला विसरू नका. वांग्याची मुळे हंगाम संपताच खणून शेताबाहेर न्या, मातीत गाडू नका. पुढे टोमॅटो घ्यायचा असेल तर प्रतिकारक वाण बघा. त्यातला ‘एमआय’ नावाचा जनुक टोमॅटोच्या रानटी नातलगाकडून आलेला आहे. पण मातीचे तापमान 28 अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्याचा प्रतिकार ढिला पडतो. ऐन उन्हाळ्यातल्या लागवडीला त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका.

प्रश्न : ज्वारीत टारफुला माजला आहे. हा तुकडा सहा वर्षे ज्वारीविना होता. मग बी आले कुठून?

बी तिथेच होते. टारफुला म्हणजे पिकाच्या मुळांवर जगणारे परजीवी तण. टारफुल्याचे बी धुळीच्या कणाएवढे असते, एका झाडापासून हजारोंनी पडते आणि मातीत दहा-दहा वर्षे जिवंत राहू शकते. त्याच्या पोटात शिदोरी इतकी थोडी की रुजल्यावर काही दिवसांत यजमानाचे मूळ सापडले नाही तर ते मरते. म्हणून ते वाट बघते. जवळून मूळ चालले आहे अशी खूण पटल्याखेरीज ते रुजतच नाही.

ही खूण म्हणजे स्ट्रिगोलॅक्टोन नावाची द्रव्ये. 1966 मध्ये त्यातले पहिले, स्ट्रिगॉल, कापसाच्या मुळांच्या स्रावातून वेगळे काढले गेले. गंमत बघा, कापसावर टारफुला जगतच नाही. मग कापूस हे द्रव्य मातीत सोडतो तरी कशासाठी? आणि जी पिके टारफुल्याने मरतात, ती तरी स्वतःच्या वैऱ्याला आवतण का धाडतात? जवळजवळ चाळीस वर्षे याचे उत्तर नव्हते. 2005 साली जपानी संशोधकांनी दाखवले की ही हाक मुळात मायकोरायझा बुरशीसाठी आहे. ती ऐकून बुरशीच्या धाग्यांना भराभर फांद्या फुटतात, त्या मुळात शिरतात आणि मुळाला पोचता येत नाही तिथला स्फुरद आणून देतात. टारफुला ही दुसऱ्याला मारलेली हाक चोरून ऐकतो. मला मातीतली ही सगळ्यात विलक्षण गोष्ट वाटते आणि तुमच्या शेताचा उपायही तिच्यातच आहे.

स्फुरदाची उपासमार झाली की पीक जास्त मोठ्याने हाक मारते. त्यामुळे हलक्या, भुकेल्या जमिनीत टारफुला जास्त. माती तपासून स्फुरद आणि नत्राची तूट भरून काढली की हाकेचा जोर कमी होतो. दुसरे, कापूस किंवा सोयाबीनसारखे सापळा पीक फेरपालटात घ्या. त्यांच्या मुळांच्या स्रावाने टारफुल्याचे बी रुजते, पण त्याला पोसणारे कोणी मिळत नाही. तुमची सहा वर्षे जमीन पडीक होती की तिथे अशी पिके होती, हे पत्रात नाही. फरक त्यानेच पडतो, कारण मूळच नसलेल्या जमिनीत बी नुसते झोपून राहते. ज्वारीच्या काही वाणांत हाकेचा प्रकारच वेगळा असतो. तो टारफुल्याला फारसा कळत नाही. असा वाण मिळत असेल तर तोच पेरा.

या वर्षी मात्र एकच करा. फूल येण्याआधी प्रत्येक टारफुला उपटा. तो जमिनीवर दिसतो तोवर ज्वारीचे बरेचसे नुकसान होऊन गेलेले असते, त्यामुळे ही मेहनत यंदाच्या कणसासाठी नाही, पुढच्या दहा वर्षांसाठी आहे.

प्रश्न : मायकोरायझाची पावडर कोबीला टाकली. काडीचाही फरक पडला नाही. माल बनावट होता का?

मालाची पारख इथे बसून करता येणार नाही, पण पीकच चुकले. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी या कुळातली झाडे मायकोरायझाशी भागीदारी करत नाहीत. बीट, पालकही नाहीत. हीच पावडर कांद्याला किंवा मिरचीला रोप लावताना मुळाशी लागेल अशी दिली असती तर उपयोगाची शक्यता होती. तीही वाफ्यात भरमसाट स्फुरद नसेल तर. पोट भरलेले झाड बुरशीला साखर द्यायला राजी नसते, कारण ही सेवा फुकट नाही.

प्रश्न : बुरशी रोगाची असो की उपयोगाची, तिची भिंत कायटिनचीच. मग झाडाला शत्रू-मित्र कळतो कसा?

प्रश्न विद्यार्थ्याचा आहे आणि फार नेमका आहे. कायटिन म्हणजे साखरेच्या कड्यांची साखळी. रोगकारक बुरशीच्या भिंतीचे सात-आठ कड्यांचे तुकडे झाडाच्या पेशीला लागले की संरक्षण जागे होते. मायकोरायझा बुरशी मात्र चार-पाच कड्यांचे छोटे तुकडे आणि कायटिनच्या साखळीला मेदाम्लाची शेपटी जोडलेले रेणू सोडते. रायझोबियम गाठ बांधण्यासाठी मुळाला जी खूण धाडते, तो ‘नॉड फॅक्टर’ही अशीच शेपटीवाली साखळी आहे. हे सगळे ओळखणारी पेशीच्या दारावरची ग्राहके (खुणा टिपणारी प्रथिने) एकाच घराण्यातली आहेत. म्हणजे ‘या’ आणि ‘चले जाव’ यांत काही कड्यांचा आणि एका शेपटीचा फरक.

पण दारावरची पारख पुरत नाही. नॉड फॅक्टर बरोबर असलेला, आत येऊन नत्र मात्र न देणारा जिवाणूही असू शकतो. 2003 मध्ये सोयाबीनवर एक सुरेख प्रयोग झाला. काही गाठींभोवतीच्या हवेतला नत्र काढून त्याजागी आर्गॉन वायू भरला, म्हणजे इच्छा असूनही जिवाणूंना नत्र बांधता येईना. त्या गाठींतल्या जिवाणूंची वाढ घटली. झाडाने त्यांचा प्राणवायू आखडता घेतल्याची चिन्हे होती. काम नाही तर पगार नाही! मुळातले हे रोखठोक हिशेब पाहिले की झाड मुकाट उभे असते असे म्हणवत नाही.

प्रश्न : सूत्रकृमीसाठी टोमॅटोच्या ओळींत मधूनमधून झेंडू लावला. गाठी तेवढ्याच. का?

मधूनमधून लावला म्हणून. झेंडूच्या मुळात अल्फा-टर्थायेनिल हे सूत्रकृमीनाशक द्रव्य असते, पण त्याचा पल्ला मुळाच्या आत आणि अगदी लगतपर्यंतच. दहा पावलांवरच्या टोमॅटोला त्याचा काही आधार नाही. टोमॅटोच्या आधी दोन-तीन महिने त्या तुकड्यात नुसता झेंडू दाट घ्या, म्हणजे सूत्रकृमीला मुळे मिळतील ती झेंडूचीच. त्यात तण राहू देऊ नका, नाहीतर सूत्रकृमी तणांच्या मुळांवर तग धरतात. झेंडूच्या सगळ्या जाती सगळ्या सूत्रकृमींवर सारख्या चालत नाहीत, म्हणून हंगामाच्या शेवटी दोन-चार झेंडूही खणून, बादलीत धुऊन त्यांची मुळे बघा. तिथेच गाठी असतील तर ती जात बदला.