ओटी सोडून ढोल?

प्रश्न : मुलगा २३ वर्षांचा, डिप्लोमा मेकॅनिकल. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर) कायम आहे, पगार २०,८०० रुपये. पाळी सकाळी ७ ते साडेतीन. सध्या रोज तीन तास ओटी (ओव्हरटाइम) मिळतेय, पण हा साडेतीनला बाहेर पडतो आणि संध्याकाळी ढोलपथकाच्या सरावाला जातो. घराच्या हप्त्याला महिन्याला पाच हजार कमी पडतात. मी त्याच्या वयात एकही ओटी सोडली नाही. त्याला समजवा.
– एक पालक, पंचवटी

उत्तर : समजावतो, पण थोडं तुम्हालाही.

आधी हिशेब. महिन्याचे २६ दिवस, रोज आठ तास, म्हणजे २०८ तास. त्याचा तास १०० रुपयांना पडतो. आठवड्याचे ४८ तास भरले की पुढच्या तासाला दुप्पट दर, हा १९४८च्या कारखाना कायद्यापासून चालत आलेला नियम आहे. म्हणजे ओटीचा तास २०० रुपयांचा. साडेतीनला घरी निघणारा तुमचा मुलगा रोज ६०० रुपये मोजून मोकळी संध्याकाळ विकत घेतो. हे त्याने डोळे उघडे ठेवून करावं, एवढं माझं त्याला सांगणं.

आता तुम्हाला. दर वाढला की माणूस दोन बाजूंनी ओढला जातो. एक तास बसून घालवणं महाग पडतं, म्हणून आणखी काम करावंसं वाटतं. पण त्याच दरामुळे गरज लवकर भागते, म्हणून लवकर घरी जावंसंही वाटतं. कुठली ओढ जिंकेल हे गरजेवर ठरतं, स्वभावावर फार कमी. अर्थशास्त्रात दोन्ही गोष्टी शहाणपणाच्याच धरतात. दुसरी निवडणाऱ्याला कामचुकार म्हणायची घाई आपण घरात करतो.

तुमच्या घराची गरज तुम्हीच लिहिली आहे, पाच हजार. आठवड्यातून दोन दिवस ओटी केली तर १,२०० रुपये, महिन्याला पाच हजारांच्या थोडे वर. हप्ता सुटला. मग प्रश्न उरतो तिसऱ्या, चौथ्या, सहाव्या दिवसाचा. सहाही दिवस थांबला तर आठवड्याचे ६६ तास होतात, शिवाय पंचवटी ते अंबड जाणं-येणं वेगळं. पहिल्या दिवसाचे ६०० आणि सहाव्या दिवसाचे ६०० पगारस्लिपवर सारखेच दिसतात. पण सहाव्या दिवशी थकलेल्या हाताने ऑफसेट (यंत्राला द्यायचं हत्याराचं माप) चुकीचा टाकला आणि जॉब, म्हणजे घडवलेला भाग, रिजेक्ट गेला, तर ते त्याच्या नावावर लागतं.

अडचण अशी की कारखान्यात तास मनासारखे कापून मिळत नाहीत. एक तास थांबतो म्हटलं तर सुपरवायझर हसेल. म्हणून तास नव्हे, दिवस ठरवायचे. आणि काळ बघायचा. दसरा-दिवाळीच्या ऑर्डरमुळे वाहनांच्या सुट्या भागांचे कारखाने जोरात असतात, नेमका त्याच सुमारास गणपतीसाठी ढोलाचा सराव रंगतो. दोन्ही एकदमच येतं, त्याला इलाज नाही. पण अनंत चतुर्दशीनंतर सराव थांबतो, ओटी तेव्हाही असते. सरावाच्या दिवसांत दोन दिवस, विसर्जनानंतर दिवाळीपर्यंत तीन-चार, असं ठरवायला काय हरकत आहे? नाशिकच्या पोराला भाद्रपदात ढोल सोडायला सांगणं मला तरी जमणार नाही.

मुलासाठी एक अट मात्र घालतो. ६०० रुपयांची संध्याकाळ ढोलावर गेली तर ठीक, पुढे सीएनसी प्रोग्रॅमिंग शिकण्यात गेली तर फारच छान, कारण त्याने मूळ तासाचाच दर वाढू शकतो. पण सराव नसलेल्या दिवशीही तो साडेतीनला घरी येऊन रात्रीपर्यंत मोबाईल चाळत असेल, तर तो सौदा तोट्याचा आहे. तिथे तुमची तक्रार रास्त.

या आठवड्यात त्याच्याशी दोन दिवस पक्के करा. सुपरवायझरला त्याने स्वतः आधी सांगावं, आयत्या वेळी नाही म्हणणारा कुणालाच नको असतो. आणि महिनाअखेरीस पगारस्लिप दोघं मिळून बघा : ओटी खरंच दुप्पट दराने लागली आहे का, की साध्याच दराने. साध्या दराने असेल तर दोन दिवसांत पाच हजार भरत नाहीत, आणि मग आधी एचआरकडे जायला हवं.