बिंग फुटलं की तोंडून निघून गेलं?

पेडण्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. आईच्या साठीनिमित्त मंगेशीला अभिषेक करायचा आणि सगळ्या नातेवाइकांना तिथेच बोलवायचं, असा बेत भावंडांनी आईला न सांगता ठरवला होता. फोनवर ताई सहज म्हणाल्या, "मामी आलीय मुंबईहून, रविवारी मंगेशीला भेटेलच!" मग त्यांनी भावाला कळवलं, 'माझ्यामुळे बिंग फुटलं.' भावाच्या मते 'बिंग' इथे शोभत नाही.

भावाचं बरोबर आहे. बिंग फुटतं ते झाकलेल्या लबाडीचं. खोट्या दाखल्यावर नोकरी मिळवणाऱ्याचं फुटावं तसं. 'पितळ उघडं पडणं' त्याच जातीचं: सोन्याचा मुलामा उडाला की खालचं पितळ दिसतं, म्हणजे फसवणूक आलीच. आईसाठी मायेने केलेल्या बेताला हे शब्द लावू नयेत. 'बेत फुटला' मात्र चालेल. पेपर फुटतो, बातमी फुटते, त्यात लपवणाऱ्यावर ठपका येत नाही.

खरी गंमत मराठीच्या सहायक क्रियापदांत आहे. 'मी बोलून गेले' म्हटलं की बोलण्यामागे हेतू नव्हता, हे आपोआप कळतं. 'बोलून बसले' म्हटलं की त्यात पश्चात्ताप येतो. आता निस्तरायला हवं, अशी हळहळ. 'बोलून टाकलं' मात्र जाणूनबुजून, मनावरचं ओझं उतरवल्यासारखं. मूळ क्रियापद तेच, पण दोष किती आणि कोणाचा, हे पुढचं छोटं क्रियापद ठरवतं. मला मराठीतली ही सोय फार मोलाची वाटते. मोठमोठ्या वाक्प्रचारांच्या नादात तिच्याकडे दुर्लक्ष होतं.

'तिच्या तोंडात तीळ भिजत नाही' हेही इथे नको. ते स्वभावाचं वर्णन आहे. एकदा चुकून बोललेल्या माणसावर तो अन्याय होईल. 'षट्कर्णी होणं' म्हणजे गोष्ट सहा कानी, अर्थात तिसऱ्या माणसापर्यंत जाणं. 'षट्कर्णो भिद्यते मन्त्रः' या सुभाषितातून ते आलं. पण त्यातही चुकून बोलल्याची छटा नाही, आणि भावाला पाठवायच्या निरोपात ते जडच वाटेल.

ताई, तुम्ही सरळ लिहा: 'अरे, आईपुढे माझ्या तोंडून मंगेशीचं निघून गेलं.' इथे 'मी' कर्ता राहतच नाही. गोष्ट स्वतःच निघून जाते.