वाचकांचे प्रश्न : नॅसची वीज आणि गोव्याचा पावसाळा

प्रश्न : घरी दोन डिस्कचा नॅस (घरच्या नेटवर्कला जोडलेला, फायली साठवायचा डबा) आहे. जत्रेच्या आणि उत्सवी नाटकांच्या दहा वर्षांच्या चित्रफिती त्यात आहेत. पावसात लाईट दिवसातून चार-पाचदा जाते. इन्व्हर्टर असूनही नॅस मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि नंतर डिस्क तासन्‌तास खरखरत राहतात. त्या खराब होताहेत का?
– एक वाचक, साखळी

उत्तर : ती खरखर बहुधा दोन्ही डिस्क एकमेकींशी पुन्हा ताडून पाहण्याची आहे. मधेच वीज तुटली की एका डिस्कवर लिहिलेले दुसरीवर लिहिलेच गेले नाही, असे होऊ शकते. म्हणून नॅस सगळे पहिल्यापासून तपासतो. खरखर हा दोष नाही, पण तिचे कारण लगेच काढायला हवे.

ते कारण इन्व्हर्टरमध्ये आहे. लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला बहुतेक इन्व्हर्टर साध्या मोडमध्ये ४० मिलिसेकंदांपर्यंत वेळ घेतात. पंख्याला ते कळतही नाही. नॅसचा अडॅप्टर मात्र साधारण १० ते २० मिलिसेकंदच तग धरतो. इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस मोड’चे बटण असेल तर ते लावा, फरक पडेल. तरी नॅससाठी स्वतंत्र लाइन-इंटरॅक्टिव्ह (व्होल्टेजचे चढउतारही सांभाळणारा) यूपीएस घ्याच. दोन डिस्कचा नॅस चालताना २० ते ३० वॉट घेतो, तेव्हा ६०० व्हीएचा, म्हणजे सुमारे ३६० वॉटचा यूपीएस भरपूर झाला. नवी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी नॅस आणि राउटर अर्धा तास तरी ओढते.

पण यूपीएस आणला म्हणजे काम झाले, असे मुळीच नाही. मध्यरात्री माडाचे झावळ तारेवर पडले आणि तीन तास लाईट आली नाही, तर बॅटरी संपताच नॅस पूर्वीसारखाच धाडकन बंद होणार. यूपीएसपासून नॅसला यूएसबी डेटा केबल गेलीच पाहिजे. मग नॅसच्या सेटिंगमध्ये ‘लाईट गेल्यावर ५ मिनिटांनी बंद हो’ असे सांगता येते. स्वस्त यूपीएसच्या बऱ्याच मॉडेलना हे डेटा पोर्टच नसते, तेव्हा दुकानात यूपीएसची मागची बाजू बघून घ्या. पोर्ट नसलेला आधीच घरात असेल, तर एक युक्ती आहे. यूपीएस-इन्व्हर्टरशिवाय थेट लाईनवर चालणारे एखादे नेटवर्क उपकरण, समजा वायफाय एक्स्टेंडर, नॅसने दर मिनिटाला पिंग करावे, म्हणजे ‘आहेस का?’ असे नेटवर्कवरून विचारावे. सलग ५ वेळा उत्तर आले नाही, तर स्वतः बंद व्हावे. चार ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, पुरते.

एकदा चाचणी घ्या. कॉपी चालू नसताना यूपीएसचे भिंतीवरचे बटण बंद करा. प्लग उपटू नका, त्याने अर्थिंगही तुटते. नॅस ठरल्या वेळी नीट बंद झाला पाहिजे. ‘लाईट येताच आपोआप सुरू हो’ ही सोय मात्र पावसाळ्यात काढून ठेवा. लाईट येते-जाते-येते, तेवढ्यात डिस्क तीनदा फिरायला लागतात. दहा मिनिटे स्थिर झाली की हाताने सुरू करा. बॅटरी आपल्या उकाड्यात दोन-तीन वर्षांत दमते. दर मे महिन्यात हीच चाचणी पुन्हा करा.

वीज अचानक गेल्यावर डिस्क फिरत्या मोटरच्याच उरल्या वेगातून वीज काढून हेड (वाचणारे-लिहिणारे टोक) कसेबसे बाजूला घेते. असे किती वेळा झाले, हे ‘स्मार्ट’ अहवालात, म्हणजे डिस्कने ठेवलेल्या स्वतःच्या तब्येतीच्या नोंदीत, १९२ क्रमांकापुढे दिसते. तो आकडा वाढत असेल तर यूपीएसची व्यवस्था अजून जमलेली नाही. ५ आणि १९७ (डिस्कवरच्या खराब आणि संशयास्पद जागांची मोजणी) यांपुढे शून्याऐवजी आकडा दिसून तो वाढू लागला, तर मात्र डिस्क बदलायची वेळ आली.

प्रश्न : जुन्या पीसीत चार डिस्क घालून नॅस केला. एसएमपीएसला (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याला) साटाची, म्हणजे डिस्कला वीज देणारी, एकच वायर मोकळी होती, म्हणून एकाचे चार करणारा स्प्लिटर लावला. जळका वास येतो.
– एक वाचक, फोंडा

उत्तर : आताच बंद करा. ३.५ इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर जवळपास २ अँपिअर ओढते. चार मिळून ८ अँपिअर. साटाच्या एका प्लगला १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअरच्या, म्हणजे फक्त साडेचार. दमट हवेत पिनांवर गंज चढला की तिथे आणखी तापते. स्प्लिटर फेकून द्या, एसएमपीएसमधून निघणाऱ्या दोन वेगळ्या वायरींवर दोन-दोन डिस्क लावा. मोलेक्सचे (जुन्या चार पिनांच्या प्लगचे) साटा करायचेच झाले, तर प्लास्टिक ओतून बंद केलेला प्लग नको. त्यात आतल्या तारा सरकून एकमेकींना चिकटतात आणि पेट घेतात. तारा एकेक दाबून बसवलेला, मागे झाकण असलेला घ्या. आणि दुसऱ्या कंपनीच्या मॉड्युलर (वायरी काढता-घालता येणाऱ्या) एसएमपीएसची वायर कधीही लावू नका. प्लग बसतो, पण पिनांची मांडणी वेगळी असते. चारही डिस्क एका क्षणात जातात.

प्रश्न : चवथीला आठवडाभर मूळ घरी जातो. नॅस चालू ठेवावा का?
– एक वाचक, मोरजी

उत्तर : नीट बंद करून पॉवर आणि लॅन, दोन्ही केबल काढा. वीज कोसळली तर ती राउटरमार्गे लॅनमधूनही येते. चालू नॅस स्वतःच्या उबेने कोरडा राहतो, बंद नॅसला समुद्राकाठची खारी ओल लागते. म्हणून नॅस झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, सिलिका जेलच्या दोन-तीन मोठ्या पुड्यांसह ठेवा. परतल्यावर अडॅप्टरच्या पिनेवर हिरवट डाग दिसला, तर तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पूर्ण वाळल्यावरच प्लग लावा. चित्रफितींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन मूळ घरी सोबत न्या. नॅसमधल्या दोन डिस्क एकाच छपराखाली आहेत, त्यांना प्रत म्हणता येत नाही.