पुण्यातून निघताना सोबत काय नेऊ, असं विचारलंस म्हणून

तुझा प्रश्न दोनदा वाचला. ऑक्टोबरपासून जर्मनीत केम्निट्सला मास्टर्स, हातात दोन महिने, घर कोथरूडला. आई रोज यादीत दोन वस्तू वाढवतेय. तुला मात्र वेगळीच काळजी आहे: घराची आठवण येऊन अभ्यास होईल ना, की आत्तापासूनच पुण्यातून मन काढून घ्यावं? मी सहा वर्षांपूर्वी सदाशिव पेठेतून ड्रेस्डेनला आले, म्हणजे तुझ्या केम्निट्सपासून रेल्वेने तासाभरावर. शिकायला आले होते, आता नोकरी करते. तू ताई म्हणालास, तेव्हा ताईसारखंच सविस्तर लिहिते.

आधी कागदपत्रांचं उरकते. व्हिसा झालाय, म्हणजे एपीएस (आपल्या पदव्यांची पडताळणी) आणि ब्लॉक्ड अकाउंट (वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं) मागे पडलं. एकच लक्षात ठेव: ११,९०४ युरो भरले असलेस तरी ते हातात महिन्याला ९९२ असेच येतात, आणि तेही इथलं बँक खातं सुरू झाल्यावर. खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, तिला आनमेल्डुंग म्हणतात. पुढची बरीच कामं त्या एका कागदावर अडतात. त्यामुळे पहिल्या महिन्याचा खर्च वेगळा जवळ ठेव. बाकी विद्यापीठ सांगेलच.

आता बॅग. आईला सांग, तूप देऊ नकोस. पेढे, बर्फी, श्रीखंडाचा डबा, काहीच नको. युरोपियन युनियनच्या बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. मला हे माहीत नव्हतं. आईने घरी कढवलेलं एक किलो तूप स्टीलच्या डब्यात भरून, झाकणाला कणीक लावून, वर दोन पिशव्या बांधून दिलं होतं. विमानतळावर कस्टमच्या माणसाने डबा उघडायला लावला. तो शांतपणे बोलत होता, चूक माझीच होती. पण ती कणीक सोलताना मला जे रडू आलं ते आजही आठवतं. ताजी फळं आणि भाजीपालाही कागदपत्रांशिवाय चालत नाही, म्हणून कढीपत्त्याची जुडी नको आणि हापूस तर नकोच. नारळ चालतो. पाच फळांना सूट आहे, त्यात तो बसतो.

आणायचं ते असं: गोडा मसाला, थालिपिठाची भाजणी, मेतकूट, आमसुलं. इथल्या भारतीय दुकानांत छोले मसाला आणि सांबार मसाला मिळतो, गोडा मसाला मी अजून पाहिलेला नाही. तीन लिटरचा कुकर आण, आणि त्याच्या दोन जास्तीच्या रिंगा. मिसळणाचा डबा आण. माझा आजीच्या रुखवतातला आहे, एक वाटी हरवलेला. स्वेटर मात्र चार-चार आणू नकोस. इथली थंडी आपल्या लोकरीला दाद देत नाही, जाड कोट इथेच घे.

तुपाची पुढची गोष्ट अशी की ते इथे होतं. बिनमिठाचं लोणी मिळतं, ते मंद आचेवर कढवायचं, तळाशी बेरी तांबूस झाली आणि आवाज थांबला की उतरवायचं. मला हे करता आलं, कारण आई तूप कढवायची तेव्हा मी ओट्याशी बेरी खायला उभी असायचे. शिकायला म्हणून कधी उभी राहिले नव्हते, तरी तो थांबलेला आवाज कानात राहिला. क्वार्क नावाचा इथला चक्क्यासारखा पदार्थ फडक्यात बांधून ठेवला की त्याचं उत्तम श्रीखंड होतं. तेव्हा दोन महिन्यांत स्वयंपाकघरात उभा राहा. रेसिपी लिहून घेऊ नकोस. आई ‘अंदाजाने घाल’ म्हणते तो अंदाज तिच्या मुठीत असतो, ती मूठ बघ. आमटी, पिठलं, साधं वरण, पोह्यांची फोडणी, एवढं हातात बसलं तरी पुष्कळ.

दुसरी यादी माझ्या मते जास्त महत्त्वाची, आणि ती तुझी तुला करावी लागेल. निघण्याआधी लोक पुण्यातली नावाजलेली ठिकाणं ‘करून’ घेतात. एका शनिवारी मिसळ, मस्तानी, बनमस्का, सिंहगड, सगळं. मीही केलं. खरं सांगते, त्या शनिवारातलं मला फारसं काही आठवत नाही. आठवतात ते रोजचे दिवस.

माझी आवडती जागा वेताळ टेकडी. रविवारी सकाळी सहाला बाबा आणि मी लॉ कॉलेज रस्त्याच्या बाजूने चढायचो. बाबा घरी फारसं बोलत नाहीत, टेकडीवर बोलायचे. त्यांची पहिली नोकरी, आजोबांशी झालेलं भांडण, मला जर्मनी का जमेल असं त्यांना वाटतं, हे सगळं मी चढावर, त्यांच्या पाठीमागून चालताना ऐकलं. पावसाळ्यात खाणीतलं तळं भरायचं, मोर ओरडायचे, चिखल चपलेला चिकटून चप्पल जड व्हायची. उतरल्यावर अमृततुल्य. पितळी भांड्यात दूध, पाणी, साखर, पत्ती एकत्र उकळणारी, आणि चहावाला खलबत्त्यात आलं-वेलची कुटतोय तो टणटण आवाज. कोथरूडहूनही टेकडीवर वाट जाते, तुला माहीत असेलच. बाबांना घेऊन जा. तुझ्या घरी कोण चालतं ते तू लिहिलेलं नाहीस, पण कुणाला तरी घेऊन जा.

जर्मन मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकले. संध्याकाळी वर्ग सुटला की आम्ही चौघीजणी फर्ग्युसन रस्त्याने गुडलक चौकापर्यंत डेर-डी-डास, म्हणजे जर्मनची तीन लिंगं, घोकत यायचो. रस्त्यातल्या प्रत्येक वस्तूला लिंग लावायचं: रिक्षा कोणती, खांब कोणता, कुत्रा कोणता. आज ऑफिसात एखादा शब्द अडला की आधी तो फुटपाथ डोळ्यांसमोर येतो, मग शब्द. वर्षाअखेरीला अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं विकून पुढच्या वर्षाची जुनी घ्यायची हा आमच्या घरचा कार्यक्रम होता. समासात दुसऱ्याच कुणाचं पेन्सिलीचं अक्षर असायचं. एका पुस्तकाच्या पहिल्या पानावर ‘हे प्रकरण सोपं आहे, घाबरू नये’ असं लिहिलेलं होतं. तेवढं पान कापून मी इथे आणलंय.

आणि ढोल. मी तीन वर्षं पथकात होते. जुलैपासून नदीपात्रात सराव, कमरेला ढोल बांधून. पहिल्या आठवड्यात बोटं सोलायची, चिकटपट्टी लावून वाजवायचो. ताशाची तर्री सुरू झाली की बोलणं बंद. विसर्जनाच्या दिवशी मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून मिरवणूक निघते. पुढे कसबा गणपती, मग तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. लक्ष्मी रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या इमारतींमधून तो आवाज परत अंगावर येतो, छातीत शिरतो. आई अलका चौकात पाण्याची बाटली आणि गूळ-शेंगदाणे घेऊन उभी असायची. मी लांबून तिची हिरवी पिशवी शोधायचे. गणपती करूनच निघ, दोन दिवस पुढेमागे झाले तरी चालेल. कारण दिवाळी चुकणारच आहे. सेमिस्टर सुरू होऊन जेमतेम बस्तान बसलेलं असतं आणि दिवाळी येते. त्या दिवशी इथे सणाची सुट्टी नसते, बाहेर काहीच वेगळं दिसत नाही. आधी माहीत असलं तर निदान पणती आणि वात बॅगेत ठेवशील.

आता तुझा खरा प्रश्न. मन आधीच काढून घेऊ का? नको. मी तेच केलं होतं. मला कुणीतरी सांगितलं होतं की घरी रोज फोन केला की माणूस रुळत नाही. म्हणून आठवड्यातून एकदाच फोन, मराठी गाणी बंद, जेवायला ब्रेड आणि चीज. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ मागे गेलं आणि पुण्याशी साडेतीन तासांचं अंतर साडेचार तासांचं झालं. डिसेंबरमध्ये तर सूर्य चारच्या आत मावळतो. संध्याकाळी सातला खोलीवर यावं तर तिकडे साडेअकरा, सगळे झोपलेले. अभ्यास काय, मला धड उठवत नव्हतं. दोन पेपर राहिले. ते आठवणींमुळे राहिले असं तेव्हा वाटलं, आता तसं वाटत नाही. मी सगळं बंद करून बसले होते आणि त्या जागी दुसरं काहीच उगवलेलं नव्हतं.

त्या थंडीत एकदा आईने सारसबागेतल्या गणपतीचा फोटो पाठवला. त्याला थंडीत स्वेटर आणि कानटोपी घालतात, तू पाहिलं असशील. लहानपणी आजी मला तो दाखवायला न्यायची आणि म्हणायची, बघ, देवालासुद्धा थंडी वाजते, तू घालायला नको म्हणतेस. फोटो पाहिला, उठले, बॅगेच्या तळातून भाजणी काढली आणि थालीपीठ थापलं. शेजारच्या खोलीतली मुलगी वासाने आली. तिला अर्धं दिलं. ती माझी इथली पहिली मैत्रीण. दुसऱ्या दिवसापासून मी दुपारच्या सुट्टीत दोन वाजता घरी फोन करायला लागले. तिकडे साडेसहा, आई देवापाशी दिवा लावत असते. पाच मिनिटं बोलते. राहिलेले दोन्ही पेपर पुढच्या सेमिस्टरला सुटले.

आजीचं एक राहिलंय. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा ती नवी नवरी होती, नारायण पेठेतल्या वाड्यात. पाणी चढताना तिने आधी काय उचललं, कुणाच्या माळवदावर रात्र काढली, चिखलातून नंतर कुठली भांडी सापडली, ही गोष्ट मी शंभरदा ऐकली होती. इतक्यांदा की शेवटी शेवटी मी मान डोलवत मोबाईल बघायचे. माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात ती गेली. मला पोहोचता आलं नाही. आता ती गोष्ट सांगायला बसले की मधलेच तुकडे निसटतात: माळवद कुणाचं होतं, कळशी सापडली की हंडा. आईलाही नक्की सांगता येत नाही. तुझे आजी-आजोबा असतील तर फोन समोर ठेव, रेकॉर्डिंग सुरू कर आणि त्यांना बोलू दे. मध्ये कुकरची शिट्टी झाली, भाजीवाला ओरडला, तरी थांबवू नकोस. तेही राहू दे त्यात.

इथेही माझ्या आवडीच्या जागा झाल्या आहेत. एल्ब नदीच्या काठाला रुंद कुरणं आहेत, रविवारी सकाळी मी तिथे चालते. मुठेच्या काठी सरावाला जायचे त्याच वेगाने पाय पडतात. बाबांना फोन लावते, ते टेकडीवरून केव्हाच उतरलेले असतात, धाप लागलेली असते ती मलाच.

तू पोहोचशील त्या आठवड्यात बहुधा घरात मीठसुद्धा नसेल, आणि रविवारी इथली दुकानं बंद असतात. पहिल्या रविवारी सकाळची गाडी पकडून ड्रेस्डेनला ये. आमटी-भात, बटाट्याची भाजी, वर घरचं तूप. येताना काही आणू नकोस. फक्त गोडा मसाला आईने जास्त दिला असेल तर दोन चमचे.