नेम चुकतोय की हात?

टेबलाशेजारून : वाचकांचे प्रश्न, जुन्या मार्करची (टेबल सांभाळून गुण मोजणाऱ्याची) उत्तरं

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सात रस्त्याजवळच्या एका पार्लरमध्ये पूल खेळतो. मोबाइलवर नेमाचे व्हिडिओ बघून डोकं फिरायची वेळ आलीय. एक म्हणतो, घोस्ट बॉल डोळ्यांपुढे आणा. दुसरा म्हणतो, बॉलचे पाव-अर्धा-पाऊण असे भाग करा. तिसरा सेंटर-टू-एज शिकवतो, म्हणजे पांढऱ्याच्या मध्यापासून समोरच्या बॉलच्या कडेपर्यंत रेषा धरायची. मी सारखी पद्धत बदलतोय, पण लांबचा कट, म्हणजे बॉलला बाजूने मारून तिरका पाठवायचा शॉट, काही पॉकेटात जात नाही. यातली बरोबर पद्धत कोणती?
– एक विद्यार्थी, जुळे सोलापूर

उत्तर : पद्धतीचं सांगतो, पण आधी तुझा हात तपासू. दुपारी पार्लर रिकामं असताना टेबल घे आणि एकटा पांढरा, म्हणजे काठीने (क्यूने) मारतो तो बॉल, ठेवून बाकी सगळे बॉल काढून टाक. ब्रेक मारतो त्या बाजूला, टेबलाच्या बरोबर मधल्या रेषेवर पांढरा ठेव. तिथून समोरच्या आखूड कुशनच्या (काठाच्या) मध्यावर बेताच्या जोराने मार. मारल्यावर क्यू आहे तिथेच राहू दे, मान वर काढू नकोस. बॉल परत येऊन क्यूच्या टिपेला, म्हणजे टोकाला, टेकला तर हात सरळ. वीतभर लांबून निघून गेला तर समज, मधोमध मारतोय असं तुला वाटतं, पण टिप बाजूला लागतेय आणि नकळत साइड (बाजूची फिरकी) पडतेय, नाहीतर क्यूच तिरका निघतोय. माझ्याकडे येणारी बहुतेक पोरं इथेच सापडतात, आणि सापडली की रागावतात. त्यांना नवीन पद्धत हवी असते.

गड्ड्याच्या यात्रेत फुगे फोडायच्या स्टॉलवर बघितलंस ना, बंदुकीची नळीच वाकडी असते आणि माणूस दर फुग्याला डोळा बारीक-मोठा करत बसतो. तसं चाललंय तुझं.

लांबचा कट का जात नाही, याचा हिशेब तुला इंजिनिअर म्हणून सहज कळेल. पूलचा बॉल ५७ मिलिमीटरचा. जवळजवळ सरळ शॉटमध्ये पांढरा जिथे लागायला हवा तिथून १ मिलिमीटर सरकला, तर समोरच्या बॉलची दिशा साधारण १ अंशाने बदलते. त्याला पुढे मीटरभर जायचं असेल, तर तिथे पोचेपर्यंत तो १७-१८ मिलिमीटर बाजूला गेलेला असतो. कोपऱ्यातलं पॉकेट असतं साडेअकरा सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे बॉल मधोमध धरला तर दोन्ही बाजूंना जेमतेम तीन-तीन सेंटिमीटर मोकळे. दोन मिलिमीटर चुकलास की ३५ मिलिमीटर गेले आणि बॉल जबड्यावर आपटला. कटचा कोन वाढेल तशी ही चूक आणखी फुगते. आता तूच सांग, पांढरा मीटरभर चालवून दोन मिलिमीटरच्या आत पोचवायचा, तर त्यात डोक्यातल्या पद्धतीचा वाटा किती आणि कोपराचा किती?

आता पद्धती. घोस्ट बॉल म्हणजे पॉकेटच्या रेषेत, समोरच्या बॉलच्या मागे चिकटून एक बॉल उभा आहे असं धरायचं आणि पांढऱ्याचा मध्य त्या न दिसणाऱ्या बॉलच्या मध्यावर न्यायचा. भूमिती चोख आहे. अडचण एकच, हवेत नेम धरावा लागतो. शिकताना फायलीतल्या कागदाच्या भोकाला लावतो ती गोल चिकट रिंग घे. एक रिंग समोरच्या बॉलखाली लाव, म्हणजे बॉल दर वेळी त्याच जागी बसेल. दुसरी घोस्ट बॉलच्या मध्याखाली, पहिल्या रिंगेपासून बरोबर एक बॉल अंतरावर. थोडे शॉट रिंगेकडे बघून मार, मग दुसरी रिंग काढून टाक आणि तेच मार. मालकाला विचारून लाव रे बाबा, कापडाला डिंक राहिला तर तो मला शिव्या देईल.

भागांची पद्धत आम्हा जुन्या माणसांची. पांढरा समोरच्या बॉलवर पाऊण झाकून लागला तर कट साधारण साडेचौदा अंशांचा, अर्धा लागला तर ३० अंशांचा, पाव लागला तर साडेअठ्ठेचाळीसच्या आसपास. यातला अर्धा बॉल सोन्यासारखा, कारण नेम हवेत धरावा लागत नाही. पांढऱ्याचा मध्य सरळ समोरच्या बॉलच्या कडेवर रोखायचा, बस्स. बिलियर्ड्समध्ये इन-ऑफ (आपला बॉल दुसऱ्याला लागून पॉकेटात घालणं) शिकवताना म्हणूनच आधी हाफ बॉल शिकवतात. त्याचा आणखी एक गुण आहे. पांढरा लोळत जाऊन अर्ध्याच्या आसपास लागला, तर किंचित जाड-बारीक, म्हणजे थोडा जास्त-कमी लागला तरी त्याची पुढची वाट फारशी बदलत नाही, मूळ रेषेपासून ३०-३५ अंशांवर निघतो. समोरचा बॉल मात्र अशी माफी देत नाही. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले, तो खेळ अशाच कोनांवर उभा आहे. पण पाव आणि अर्धा यांच्यामध्ये १८ अंशांची दरी आहे आणि ती डोळ्यानेच भरावी लागते, हेही खरं.

सेंटर-टू-एज आणि टिप बाजूला धरून मग मध्यावर फिरवायच्या पद्धतींबद्दल माझं मत असं, की मोजक्या ठरावीक रेषांमधून सगळे कोन आपोआप निघत नाहीत. खेळणारा शेवटी नकळत डोळ्याने जुळवून घेतो. तरीही काहींचा खेळ त्याने सुधारतो, कारण ते दर वेळी त्याच क्रमाने उभे राहतात, त्याच क्रमाने बघतात आणि मगच वाकतात. तो क्रम तू कुठल्याही पद्धतीला लावू शकतोस. उभा असतानाच रेषा ठरव. वाकल्यावर रेषा चुकीची वाटली तर बसल्या जागी क्यू सरकवू नकोस, उठ आणि पुन्हा वाक.

आणि हो, हळू मारलेला कट बहुधा जाड जातो, म्हणजे बॉल हवा त्यापेक्षा सरळ निघतो, हे व्हिडिओवाले घाईत सांगून टाकतात. दोन बॉल घासतात तेव्हा पांढरा समोरच्याला किंचित आपल्या बरोबर ओढतो. बॉल मळके असतील तर जास्तच. आपल्याकडची धूळ तुला माहीत आहे. त्या दिवशी थोडं बारीक मार, नाहीतर बॉल साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन पूस, मगच पद्धतीला दोष दे.

प्रश्न : अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, मित्रांबरोबर तासभर खेळतो. हरेल त्याने टेबलाचे पैसे द्यायचे असा रिवाज आहे. बरीच वर्षं झाली, खेळ आहे तिथेच आहे. सराव करायला वेळ कुठून आणू?
– एक वाचक, एमआयडीसी

उत्तर : दादा, हरेल त्याने पैसे द्यायचे म्हटल्यावर माणूस येतो तोच शॉट मारतो. न येणारा शॉट खिशाला महाग पडतो, मग तो येणार कसा? मित्रांच्या अर्धा तास आधी जा आणि ते अर्ध्या तासाचे पैसे खुशीने एकट्याने भरा.

त्या अर्ध्या तासात एकच शॉट मारत बसू नका. तीन निवडा, एक सरळ, एक हाफ बॉल, एक पातळ कट, आणि फिरवत राहा. एकच शॉट सलग मारला की लगेच जमल्यासारखा वाटतो, पण पुढच्या आठवड्यात तो गायब असतो. शे आणि मॉर्गन या दोन संशोधकांनी १९७९ साली हाताच्या हालचालींवर असाच प्रयोग केला होता. आलटून-पालटून सराव करणारे सरावाच्या वेळी मागे होते, नंतरच्या परीक्षेत मात्र तेच पुढे निघाले. तुमची चिडचिड होईल, होऊ द्या.

घरी टेबल लागत नाही. जेवणाच्या टेबलावर चादर चौघडी करून घाला, सोलापुरात ती कमी नाही. त्यावर पाण्याची रिकामी बाटली आडवी ठेवा, तोंड तुमच्याकडे. हाताचा ब्रिज (क्यू टेकवायचा आधार) करून क्यू बाटलीच्या तोंडातून आत-बाहेर न्यायचा, काठाला न लावता. क्यू नसेल तर गुळगुळीत सरळ काठी चालेल. कोपर खाली पडलं की टिप वर उचलली जाते आणि बाटली लगेच खडखडते. रोज चहा उकळेपर्यंत केलं तरी पुरे.

प्रश्न : मुलगा नववीत आहे, पूल पार्लरला जायचा हट्ट धरतो. पाठवू का?
– एक आई, विजापूर रोड

उत्तर : ताई, आधी स्वतः एकदा संध्याकाळी जाऊन बसा. आत सिगारेटचा धूर असेल किंवा टेबलावर पैसे लागत असतील, तर नाही म्हणा. जागा चांगली असेल तर खेळ वाईट नाही. बिलियर्ड्स-स्नूकरचे विश्वविजेते पंकज अडवाणीही शाळकरी वयातच या खेळांत आले. वेळेचं बंधन मात्र तुम्ही घाला, पोरगं घालणार नाही.

प्रश्न : निवृत्त शिक्षक आहे, तरुणपणी क्लबात बिलियर्ड्स खेळायचो. आता पुन्हा सुरू केलंय, पण वाकलं की समोरचा बॉल धूसर दिसतो. चष्मा दुहेरी नंबरचा आहे.
– एक वाचक, रेल्वे लाइन्स

उत्तर : गुरुजी, नजरेपेक्षा चष्म्याची रचना आड येतेय असं दिसतं. वाकल्यावर हनुवटी क्यूजवळ जाते आणि आपण काचेच्या अगदी वरच्या कडेतून, कधी फ्रेमच्या वरून बघतो. दुहेरी काचेचा खालचा भाग तर तिथे काहीच कामाचा नाही. चष्मेवाल्याला सांगा, एकाच नंबरची काच हवी, टेबलाच्या अंतराला जुळणारी, फ्रेम उंच आणि नाकावर वर बसणारी. १९८५ साली स्नूकरचे विश्वविजेते झालेले डेनिस टेलर असाच भलामोठा, उलटा लावल्यासारखा चष्मा घालायचे. लोक हसायचे त्यांना. दुकानात जाताना क्यू बरोबर न्या आणि तिथल्या काउंटरवर वाकून दाखवा, म्हणजे काचेचा मध्य कुठे हवा याची खूण त्याला तिथेच करता येईल.